पाडलेल्या गडाचं गाव

मोंतोनेला गड आहे असं ऐकून गेले होते. वर पोहोचले तर गड नव्हता.

गवतातून डोकं काढणारी जोती, कमरेएवढ्या उरलेल्या भिंती आणि चुन्यात गच्च बसलेल्या दगडांचा एक ढिगारा. कधीकाळी तो बुरूज असणार. त्यावर एक सरडा ऊन खात पडला होता. लेक म्हणाली, "आई, एवढंच?" मला मात्र ते दृश्य अनोळखी वाटलं नाही. मी माणगावची. रायगडाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पडक्या जोत्यांमधून कसं फिरायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. इथे सदर असेल, इथे कोठी, इथून पहारेकरी खाली बघत असेल, असं पायांनी चाचपत जायची आम्हाला लहानपणापासूनची सवय.

मोंतोने हे मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं गाव. वस्ती दीड हजारांच्या थोडी वर. गाव ४८२ मीटर उंचीवर, आणि खाली तेवेरे नदीचं खोरं. आपण तिला टायबर म्हणतो, रोमला जाते तीच ही. लेक पेरुजाला शिकते. तिथून गाडीने उत्तरेला निघालं की तासाभराच्या आत आपण या खोऱ्यात येतो. दोन्ही अंगांना तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं. मग फाटा फुटतो, रस्ता वळणं घेत चढू लागतो आणि एका वळणावर तटाची भिंत एकदम अंगावर येते. गाडी तटाबाहेर लावायची आणि वेशीतून पायी आत शिरायचं. आतल्या गल्ल्या अशा की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून वाट द्यावी. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आणि दुपारच्या वेळी घराघरांतून फक्त ताटल्यांचा आवाज.

वाड्यापेक्षा अंगण मोठं म्हणतात, तशी या गावाची तऱ्हा. गावापेक्षा त्याचा इतिहास ऐसपैस. आणि तो सगळा एका माणसाभोवती फिरतो: आंद्रेया फोर्तेब्राच्चो, ज्याला सगळी इटली ब्राच्चो दा मोंतोने म्हणून ओळखते. ब्राच्चो म्हणजे बाहू, फोर्ते म्हणजे बळकट. जन्म १३६८ चा. घराणं मोंतोनेचं, पण पेरुजातल्या सत्तांतरात सरदारांची हकालपट्टी झाली तेव्हा त्यांचं हे गावही हातचं गेलं. वतन गेलेला तरुण काय करणार? घोडा आणि तलवार घेऊन बाहेर पडला. त्या काळच्या इटलीत पैसे घेऊन लढणारे असे सेनानी होते, त्यांना कोंदोत्तिएरो म्हणत. ज्याचा पगार त्याची चाकरी. पोपची, नेपल्सच्या राजाची, फ्लोरेन्सची. ब्राच्चोनेही सगळ्यांची चाकरी केली, पण त्याचा एक डोळा कायम घराकडे होता असं त्याचं चरित्र वाचताना वाटत राहतं. अखेर १४१६ च्या जुलैत त्याने लढाई जिंकून पेरुजा घेतलं आणि ज्या शहराने त्याच्या माणसांना हाकललं होतं त्याच शहराचा तो धनी झाला. तिथल्या कॅथीड्रलला लागून त्याने बांधलेली कमानींची ओसरी आजही उभी आहे. लेकीच्या कॉलेजची मुलं तिच्या पायऱ्यांवर बसून आइस्क्रीम खातात.

त्याच्या लढण्याच्या पद्धतीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तेव्हाच्या फौजा एकगठ्ठा भिडायच्या. ब्राच्चोने घोडदळाच्या लहान लहान तुकड्या केल्या. एक तुकडी झपाट्याने जाऊन धडक द्यायची आणि मागे फिरायची, तोवर दुसरी ताज्या दमाने पुढे. शत्रूला श्वास घ्यायला उसंत नाही, आपली माणसं मात्र आळीपाळीने विसावलेली. त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी मुत्सिओ आत्तेंदोलो स्फोर्त्सा भक्कम, एकवटलेल्या फौजेवर भर देणारा. पुढे कितीतरी वर्षं इटलीत सेनानींचे दोन संप्रदाय मानले जात, ब्राच्चोचे आणि स्फोर्त्साचे. तरुणपणी दोघे एकाच छावणीत शिकलेले. दोघांचा शेवटही एकाच वर्षी झाला. १४२४ च्या जानेवारीत स्फोर्त्सा पेस्कारा नदी ओलांडताना बुडाला, आणि जूनमध्ये ल'आक्विला शहराला वेढा घालून बसलेला ब्राच्चो लढाईत घायाळ होऊन पकडला गेला. तीन दिवसांनी, ५ जूनला तो गेला. पोप मार्टिन पाचवा त्याचा वैरी. बहिष्कृत म्हणून त्याला पवित्र भूमीत जागासुद्धा दिली नाही, गावकुसाबाहेर पुरावं तसं पुरलं. आठ वर्षांनी, १४३२ साली, त्याची हाडं पेरुजाला आणली गेली.

वर जो गड मला सापडला नाही तो या ब्राच्चोचा. रोक्का दि ब्राच्चो, ब्राच्चोचा बालेकिल्ला. गावाच्या माथ्यावर त्याने तो उभारला, आणि तो पडला त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत. मुलगा कार्लो, बाप गेला तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा. मोठा होऊन तो व्हेनिसच्या चाकरीत सेनानी झाला. बापाचं पेरुजा परत मिळवायचं वेड त्याच्याही डोक्यात होतं. १४७७ मध्ये त्याने या मुलखात धामधूम सुरू केली. तेव्हा पोप होता सिक्स्टस चौथा. त्याच्या फौजेने मोंतोनेला वेढा घातला. फौजेच्या अग्रभागी उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रो, तोच तो तुटक्या नाकाचा, ज्याचं एका बाजूने काढलेलं चित्र चित्रकलेच्या पुस्तकांत हमखास असतं. मोंतोने पडलं. पुढच्या वर्षी, १४७८ मध्ये, पोपच्या हुकमाने रोक्का पाडला.

याच पोपने याच वर्षांत रोममध्ये सिस्टिन चॅपेल बांधवलं, त्याच्याच नावाचं. तिथे रोज हजारो माणसं मान वर करून उभी असतात. आणि त्यानेच पाडलेल्या या गडावर आम्ही दोघी, एक सरडा आणि वाऱ्याने हलणारं सुकं गवत. मला पहिल्यांदा राग आला तो इथे, जोत्यावर बसल्यावर. लढाईत तट फुटतो, तोफेने बुरूज ढासळतो, ते समजतं. पण लढाई संपल्यावर, गाव हातात आल्यावर, पहारी आणि घण घेऊन माणसं वर पाठवायची आणि चिरा न् चिरा सुटा करायचा, यामागे वेगळं काळीज लागतं. तिथे शत्रू उरलेला नसतो. तिथे एका घराण्याचं नाव पुसायचं असतं. रायगडाचं १८१८ च्या मे महिन्यात तेच झालं. पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांच्या तोफा चालल्या, राजवाडा जळाला, गड पडला, आणि मग पुढची कित्येक वर्षं राजांच्या समाधीवर झाडंझुडपं वाढत राहिली. जिंकणाऱ्यांना गडाचं ओझं होतं. हरलेला गडसुद्धा बोलतो हे त्यांना कळत असावं.

मोंतोनेच्या माणसांनी मात्र नाव सोडलं नाही. चौकाला नाव फोर्तेब्राच्चोचं. गडालगतच्या सांता कातेरिना मठात आता गावाचा जुना दप्तरखाना आहे. आणि ऑगस्टमध्ये आठवडाभर गावात पवित्र काट्याचा उत्सव असतो. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला म्हणून मानलेला एक काटा कार्लोला व्हेनिसकडून मिळाला, तुर्कांविरुद्ध लढल्याबद्दल, आणि त्याने तो १४७३ मध्ये आपल्या गावाला दिला. त्याची ही आठवण. गावाच्या तीन पेठा आहेत, तीन वेशींच्या नावाच्या: बोर्गो, मोंते आणि वेर्झिएरे. तिघींत धनुर्विद्येपासून नाटकापर्यंत चुरस लागते, आणि जिंकलेल्या पेठेतली तरुणी कार्लोची पत्नी मार्गारिता मालातेस्ता म्हणून मिरवणुकीत चालते. आम्ही गेलो तेव्हा उत्सवाला महिना बाकी होता. एका घराच्या दारात दोन बायका जड मखमली झग्याला काठ शिवत बसल्या होत्या. तोंडात टाचण्या, मांडीवर झग्याचा घेर, आणि बाजूला नातवंडाचं दूध थंड होत असलेलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या बाईचा झगा, पण शिवणाऱ्या जणू लेकीच्या लग्नाचा शिवत होत्या. पालखीच्या आदल्या दिवशी आमच्या आळीत हेच चालतं.

सान फ्रांचेस्को चर्चमध्येही गेलो. तिथे आता संग्रहालय आहे. बार्तोलोमेओ कापोराली याने १४८०च्या सुमाराला रंगवलेलं मिरवणुकीचं निशाण तिथे जपलंय. उंब्रियात प्लेगची साथ आली की अशी रंगवलेली कापडी निशाणं घेऊन माणसं गावातून फिरायची, देवीचा कोप व्हावा तेव्हा आपण पालखी काढतो तशी. गड पडून दोन-चार वर्षंच झालेली. त्या पिढीच्या डोळ्यांदेखत माथा उघडा पडला होता. मी त्या चित्रापुढे बराच वेळ थांबले.

आता जे सांगायचं ते सांगते. मी मोंतोनेला फक्त गडासाठी गेले नव्हते. बाबांनी पाठवलं होतं.

माणगावात यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आम्ही शाळेत जाता-येता तो बघायचो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले, दुसऱ्या महायुद्धात इटलीत धारातीर्थी पडले, एवढं सगळ्यांना पाठ. इटलीत कुठे, हे मी कधी विचारलं नाही, आणि सांगणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नव्हतं. "इटलीत" म्हणजे लांब, म्हणजे नकाशातल्या त्या बुटात कुठेतरी. ते कुठेतरी म्हणजे हे खोरं. तेवेरेचं वरचं खोरं, मोंतोनेच्या परिसरातले हे डोंगर.

४ जून १९४४ ला रोम पडलं आणि जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकू लागलं. पण पळत नव्हतं, एकेक डोंगर लढवत सरकत होतं. पेरुजा मोकळं झालं २० जूनला, आणि इथून थोडं उत्तरेला असलेलं चित्ता दि कास्तेल्लो २२ जुलैला. मध्ये अंतर पन्नासेक किलोमीटर. ज्या रस्त्याने आम्ही तासाभरात आलो, त्याला महिना लागला. लागणारच. खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डोंगराच्या सोंडा, प्रत्येक सोंडेवर दगडी घर किंवा जुनी गढी, आणि प्रत्येक खिडकीतून खालचा रस्ता मशिनगनच्या टप्प्यात. ब्राच्चोने ज्या कारणासाठी इथे माथा निवडला, त्याच कारणासाठी पाचशे वर्षांनी जर्मन इथल्या माथ्यांवर बसले होते. ते माथे चढायचं काम ज्यांच्या वाट्याला आलं त्यांत भारतीय फौजा होत्या. त्यांपैकी दहाव्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण.

खोऱ्यातल्या माणसांनी त्या वर्षी दोन्ही बाजूंनी सोसलं, हेही इथे लिहायला हवं. पायथ्याजवळच्या उंबेर्तिदे गावी २५ एप्रिलला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी नदीवरचा पूल पाडायला बॉम्ब टाकले. बॉम्ब वस्तीवर पडले आणि सत्तर माणसं गेली. जिथे ती घरं होती तिथे आज मोकळा चौक आहे.

१० जुलै १९४४. पलटणीची एक कंपनी जर्मनांच्या पक्क्या मोर्च्यावर चालून गेली. त्यातल्या एका सेक्शनचे प्रमुख नाईक यशवंत घाडगे, वय २२. अगदी जवळून मशिनगनचा मारा झाला आणि सेक्शनमधली सगळी माणसं मेली किंवा घायाळ होऊन पडली. उभे राहिले एकटे घाडगे. मानपत्रात स्पष्ट लिहिलंय की आपल्यासोबत यायला आता कुणी उरलेलं नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, तरी ते क्षणभरही थांबले नाहीत. टॉमीगन चालवत त्या मशिनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद केले. त्याच्या एका साथीदारावर गोळी झाडली. मग गोळ्या संपल्या, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवलं. इतक्यात दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत बसल्या. त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला.

बावीस वर्षं. माझी लेक तेवीस वर्षांची आहे. जोत्यावर बसून मी तिला हे सांगत होते आणि वाक्य अर्ध्यात थांबलं. बंदूक उलटी धरली त्या हातांचा विचार मला सोडत नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आंबिवलीच्या मुलाचे ते हात. त्या हातांनी लहानपणी औत धरलं असेल, पेंढ्या उचलल्या असतील. त्याच हातांत तापलेली नळी.

त्यांचं नाव मोंते कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. इटलीत लढलेल्या भारतीय सैनिकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात, आणि त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. या मोहिमेत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा भारतीय फौजेला, आणि सहांतले दोन मराठा पलटणींना. दुसरे संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या बांधावर त्यांनी जखमी सोबत्यांना वाहून आणलं, एकट्याने मोर्चे मोडले, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना दिली. ते परत आले. घाडग्यांचं पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.

मोंतोनेने जुलै २०२३ मध्ये घाडग्यांचं स्मारक उभारलं. इटलीतल्या युद्धेतिहासाच्या अभ्यासकांनी आणि गावाच्या नगरपालिकेने मिळून. दीड हजार वस्तीचं गाव, त्याला स्वतःचे हुतात्मे आहेत, स्वतःचा पाडलेला गड आहे. तरी त्यांनी आठ दशकांपूर्वी आलेल्या एका परक्या पोराचं नाव आपल्या गावात लावून घेतलं. स्मारक म्हणजे पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे. चालू सूर्यघड्याळ. ऊन असेल तोवर वेळ सांगतं. त्यावरच्या लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली.

गल्लीत एका आजींना विचारलं तर त्यांनी नुसती दिशा दाखवली नाही, हातातली भाजीची पिशवी दारात ठेवली आणि सोबत निघाल्या. पायरीपायरीवर थांबत, कठडा धरत. लेक इटालियन बोलते. तिने सांगितलं की आई घाडग्यांच्याच तालुक्यातली आहे. आजी थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. काय म्हणाल्या ते लेकीने नंतर सांगितलं, पण मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरी गेल्यावर हात असाच धरतात.

तारीख १० जुलै होती. ती मुद्दाम साधली होती. मोबाइलवर एक वाजून गेला होता, सूर्यघड्याळाची सावली मात्र अजून मध्यान्हाच्या रेघेला टेकली नव्हती. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात आणि सूर्य कुणाचं ऐकत नाही. सव्वा एकच्या सुमाराला सावली रेघेवर आली. मी सोबत नेलेली पुडी सोडली. घरून निघताना बाबांनी वहीच्या कागदात बांधून दिलेली शेतातली माती होती. चिमूटभरच. लावणीच्या चिखलातली, वाळवून. ती तिथे पायाशी ठेवली आणि बाबांना फोन लावला.

माणगावात पावणेपाच वाजले होते. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बाबांचा आवाज मधूनच बुडत होता. वरच्या खाचराची लावणी आज उरकली म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, पोहोचलो आम्ही. स्मारकापुढेच उभी आहे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "जमीन कशी आहे गं तिथली?"

"कोरडी आहे, बाबा. पांढुरकी. ढेकळं फुटत नाहीत अशी."

"आणि चढ? चढ आहे का?"

मी समोरच्या सोंडेकडे पाहिलं. ऑलिव्हची झाडं, मग झुडपं, मग उघडा माथा.

"आहे. चांगलाच आहे."

"उन्हातान्हाचा पळत चढला असेल पोरगा," बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ फोनवर नुसता पाऊस येत राहिला.